काशीला गेलेले चुलत पणजोबा आणि फेरफारातली एक ओळ : मृत्यू, तुरुंग आणि कोर्टाच्या कागदांतून घराण्याचा शोध

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, मूळ गाव निफाड तालुक्यातलं. गेल्या वर्षी वडील गेले. रामकुंडावर त्यांचे दिवस करताना तीर्थोपाध्यायांनी आमच्या गावाची नामावळी काढली. पणजोबांनी स्वतः सही केलेलं पान होतं, त्यांच्या हातचं 'मु॥' मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या पानावर पणजोबांच्या धाकट्या भावाचंही नाव आहे. पुढे त्यांची मुलंबाळं, नातवंडं, काहीच नाही. गुरुजी म्हणाले, "इथून पुढे कोणी आलं नाही."

आमच्या घरात ह्या चुलत पणजोबांबद्दल एकच वाक्य चालत आलंय: "ते काशीला गेले ते आलेच नाहीत." वडिलांना विचारलं तर तेही एवढंच सांगायचे.

वडिलांच्या पश्चात वारस नोंद करायची म्हणून जमिनीचे जुने कागद काढले. विहिरीकडच्या एका तुकड्याला आमच्याकडे 'पोरीचं वावर' म्हणतात. लहानपणी हुरडा खायला आम्ही तिथेच बसायचो. त्या तुकड्याचा १९३४ चा एक फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद, 'आपले अभिलेख' ह्या सरकारी संकेतस्थळावर मिळाला. मोडीत आहे. मी मोडीचा दोन महिन्यांचा वर्ग केलाय, तेवढ्या बळावर जमलं ते वाचन असं (नावं गाळली आहेत, घरच्यांना अजून विचारलेलं नाही):

"... बिन ... हे नासिकरोड येथील तुरुंगात मयत. वारस पत्नी ... कोम ... वय २२ व कान्हा वय ४. भाऊ हजर, म्हणणे एकत्र आहोत, हरकत."

म्हणजे काशी नाही, नाशिक रोड. घरापासून दहा कोसांवर. आणि त्यांना बायको होती, मुलगा होता! ती दोघं कुठे गेली, हे मला शोधायचंय. ते तुरुंगात का होते हेही कळलं तर हवंय, पण मन त्या बाईकडेच जातं. बावीस वर्षांची होती.

असे कागद वापरून कुणी शोध घेतलाय का? मृत्यूच्या नोंदी, तुरुंगाची दप्तरं, कोर्टाच्या नकला... कुठून सुरुवात करू?

---

पेठरोड

१९३४ म्हणजे कायदेभंगाचे दिवस. सत्याग्रही असतील ताई! तेव्हा नाशिकच्या तुरुंगात राजबंदी भरलेले होते. साने गुरुजीही तिथेच होते. आपल्या जिल्ह्यात बागलाण-कळवणकडे १९३० मध्ये जंगल सत्याग्रह झाला, आणि त्याच वर्षी २ मार्चपासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह. दोन्हीकडे पुष्कळ धरपकड झाली होती.

---

मोडीवाचक

तुमच्या वाचनातला एक शब्द मला खटकतोय. 'कान्हा'. चालू हाताच्या मोडीत जोडलेला 'न्य' आणि 'न्ह' फार जवळ दिसतात, आणि काना कधी आहे कधी नाही. शिवाय पत्नीचं नाव 'कोम' लावून पूर्ण दिलंय, मग मुलाचं नुसतं लाडाचं नाव का देतील? त्या ओळीचा फोटो टाकता का? नावं झाकून.

---

गोदाकाठ

फोटो जोडला आहे.

---

मोडीवाचक

'कन्या'. "पत्नी अमुक कोम तमुक वय २२ व कन्या वय ४."

मुलगा नाही, मुलगी. आणि कारकुनाने तिचं नाव लिहिलेलंच नाही.

जे नव्याने वाचत असतील त्यांच्यासाठी थोडं. 'बिन' किंवा 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, कधी 'मर्द' किंवा 'भ्रतार' असंही येतं. जुन्या सातबारावर 'ए.कु.मॅ.' दिसलं तर एकत्र कुटुंब मॅनेजर, 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्या) वारसाचा पालनकर्ता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात, शब्द तोडलेले नसतात, आधी रेघ मारून तिच्याखाली अक्षरं लटकवलेली असतात. आपल्याला जे सापडायला हवंय तेच डोळ्यांना दिसतं, म्हणून महत्त्वाचा शब्द दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावाच.

कागद आणखी जुने असतील तर सनाचा घोळ होतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन. फसलीत ५९०, आणि शुहूर सनात ५९९. हे सन जानेवारीत बदलत नाहीत, शुहूर तर मृगाला बदलतो, म्हणून एखाद्या वर्षाचा फरक धरूनच चालायचं.

---

गोदाकाठ

कन्या. आणि 'पोरीचं वावर'. मी आज काही लिहू शकत नाही, उद्या येते.

---

वकीलकाका

ताई, तुमचा फेरफार मी तीनदा वाचला. त्यात तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त आहे. मी दिवाणी बाजूचा वकील, चाळीस वर्षं वाटपाचेच दावे पाहतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१९३४ मध्ये हिंदू एकत्र कुटुंबातला माणूस वारला तर त्याचा हिस्सा बायकोकडे जात नसे. मागे राहिलेल्या भावांकडे जायचा, आणि विधवेला अन्नवस्त्र मिळायचं. तिला एकत्र कुटुंबात नवऱ्याच्या हिश्श्यावर हक्क देणारा कायदा आला १९३७ मध्ये. मग १९३४ मध्ये तलाठ्याने पत्नीला वारस का लावलं? याचा अर्थ निदान गावात समज असा होता की हे भाऊ विभक्त होते. विभक्त माणसाची जमीन विधवेकडे तिच्या हयातीपुरती येत असे. आणि भाऊ येऊन काय सांगतात? "म्हणणे एकत्र आहोत, हरकत." सगळी लढाई त्या तीन-चार शब्दांत आहे. एकत्र ठरलं तर जमीन त्यांची, विभक्त ठरलं तर बाईची.

हरकत आली की ती नोंद गाव नमुना सहा-अ मध्ये जायची, म्हणजे वादग्रस्त प्रकरणांची नोंदवही. वारसांची नोंद सहा-क मध्ये. दोन्ही मागा.

दुसरं. विधवेने पुन्हा लग्न केलं, पाट लावला, तर १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याप्रमाणे पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपायचा. बावीस वर्षांची बाई म्हटल्यावर ही शक्यता मोठी. तसं झालं असेल तर पुढच्या एखाद्या फेरफारात "सदर बाईने पाट लावल्याने नाव कमी" अशी ओळ सापडेल.

तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. विधवेनंतर वारस मुलगी, भाऊ नव्हेत. आपल्या मुंबई इलाख्यात तर मुलीला वडिलांची मिळकत पूर्ण मालकीने मिळायची, इतर बऱ्याच प्रांतांत तसं नव्हतं. म्हणजे विभक्तपण सिद्ध झालं तर त्या चार वर्षांच्या मुलीचा हक्क तुमच्या पणजोबांच्या आधी येतो.

आता काम. त्या तुकड्याच्या सातबारावर आणि जुन्या उताऱ्यांवर कंसात किंवा वर्तुळात जेवढे फेरफार क्रमांक आहेत, ते सगळे काढा. एकही सोडू नका. एका फेरफारावर कोणी थांबू नये.

---

दूरदेशी

मी पुण्यात असते, मूळची येवल्याची. घरबसल्या काय होतं तेवढं सांगते. 'आपले अभिलेख' वर नाशिक जिल्हा पहिल्यापासून आहे, जुने सातबारा, फेरफार, आठ-अ स्कॅन केलेले मिळतात. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' नावाचं पोर्टल आहे, तिथे राजबंद्यांच्या फायली नावाने आणि गावाने शोधता येतात. इंग्रजीतलं गावाचं जुनं स्पेलिंग वापरायचं, नाशिकचं शेवटचं अक्षर 'के' ऐवजी 'सी-के' असंही करून बघायचं. कोर्टाच्या संकेतस्थळावर मात्र अलीकडचीच प्रकरणं सापडतात, १९३० च्या दशकातल्यांसाठी जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षालाच गाठावं लागतं.

---

तुषार_सातपूर

एक विचारू का, राग मानू नका. शंभर वर्षांपूर्वी कोण तुरुंगात होतं, कुणी पाट लावला, हे उकरून काय मिळणार? घरच्यांनी झाकलं असेल तर काही कारणाने झाकलं असेल. गावात अजून भाऊबंद राहतात ना?

---

गोदाकाठ

राग नाही. माझ्या आईचंही हेच म्हणणं आहे. पण तीर्थोपाध्यायांच्या वहीत सात पिढ्यांची नावं आहेत आणि त्यात एकाही मुलीचं नाव नाही. मी स्वतः त्या वहीत नाही, माझा भाऊ आहे. गुरुजींचा दोष नाही, वंशावळ तशीच लिहिली जाते. पण तलाठ्याने लिहिलं. तुरुंगात मेलेल्या माणसाचा वारस कोण, हे सरकारला ठरवावं लागलं म्हणून 'कन्या वय ४' एवढं तरी उरलं. तेही मी मुलगा म्हणून वाचलं होतं. आता तिला तसंच सोडून देणं मला जमणार नाही.

---

वडाळागाव

गोदाकाठ काकूंचं खरं आहे. माझ्या पणजीचं नाव मला पहिल्यांदा कळलं ते कोतवाल बुकात, तिच्या मृत्यूच्या नोंदीत. घरात सगळे तिला 'मोठी आई' म्हणायचे.

---

बागलाणी

मृत्यूच्या नोंदींबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे गेली दोन वर्षं तेच चाललंय.

गावोगावी जन्ममृत्यूची नोंदवही असायची, गाव नमुना चौदा. लोक तिलाच कोतवाल बुक म्हणतात. १९६९ च्या कायद्याआधीची कित्येक गावांची ही बुकं तहसील कार्यालयात मिळतात. नाव, बापाचं नाव, जात, वय, आजार असे रकाने. आजाराच्या रकान्यात बहुतेक वेळा नुसतं 'ताप'. मधेच 'पटकी', 'देवी', 'प्लेग'. आमच्या गावच्या बुकात १९१८ चा दिवाळीचा महिना आला की हात थांबतो. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. एका पानावर एकाच घरातली चार नावं, शेवटची दोन एकाच दिवशीची. माझ्या आजोबांना मामाने वाढवलं एवढंच आम्हाला माहीत होतं. का वाढवलं, ते त्या पानावर कळलं.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा सगळ्या कार्यालयांनी जुनी दप्तरं बाहेर काढली. त्या यादीत नुसती महसुली कागदपत्रं नव्हती. तुरुंगांची कच्च्या (खटला चालू असलेल्या) आणि पक्क्या (शिक्षा झालेल्या) कैद्यांची रजिस्टरं होती, पोलिसांचे अटक पंचनामे होते, शाळांची जनरल रजिस्टरं, निबंधकांकडची खरेदीखतं, दत्तकपत्रं, मृत्युपत्रं होती. कुठल्याही जातीच्या माणसाला घराण्याचा शोध घ्यायचा असेल तर ती यादी वाटाड्यासारखी आहे. जात कळावी म्हणून ज्या रकान्यांकडे बघितलं गेलं, त्यांच्या शेजारच्याच रकान्यात बापाचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे.

आणखी एक. नाशिक हा वेगळा जिल्हा झाला १८६९ मध्ये. त्याआधी आमचं बागलाण, मालेगाव, नांदगाव हे खानदेशात, आणि निफाड-सिन्नरकडचा भाग नगरकडे. १८६९ च्या आधीचा कागद नाशकात मिळाला नाही म्हणून निराश व्हायचं नाही, धुळ्याला आणि नगरला विचारायचं.

---

वकीलकाका

बागलाणींनी छान लिहिलं. एक भर. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या दप्तरात होते, माणसाच्या गावी नाही. ताई, निफाडकडच्या कोतवाल बुकात चुलत पणजोबा सापडणार नाहीत. तुरुंगातल्या मृत्यूची खबर द्यायची जबाबदारी आजच्या कायद्याप्रमाणे तुरुंगाधिकाऱ्याची असते. नाशिक रोडच्या हद्दीची जुनी मृत्यू नोंदवही शोधा. दाखला मिळाला तरी त्यावर मृत्यूचं कारण येणार नाही, रजिस्टरात असलं तरी उताऱ्यात द्यायचं नाही असं कायद्यातच आहे.

सरकारी कचेऱ्यांत कागद अ, ब, क, ड असे वर्ग करून ठेवतात. अ कायमचा, ब तीस वर्षं, बाकीचे त्याहून कमी. म्हणून मूळ अर्ज गेलेला असतो पण नोंदवही राहते. मागताना प्रकरण नव्हे, नोंदवही मागा.

माहिती अधिकारात अर्ज करणार असाल तर कलम ८(३) लिहा. वीस वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टीची माहिती, दोन-तीन अपवाद सोडले तर, खासगी म्हणून नाकारता येत नाही. आपल्या राज्यात दहा रुपयांचं शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. विषय एका ओळीत बसवा: "सन १९३२ ते १९३४ शिक्षाबंदी नोंदवहीतील अमुक गावच्या बंद्याची नोंद."

---

पंचवटीकर

नाशिकचा खटला म्हटलं की सगळ्यांना १९०९ आठवतं. २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, आणि १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे, देशपांडे तिघांना फाशी झाली. ती नावं आपल्याला पाठ आहेत. पण अशा खटल्याच्या कागदांत आरोपींपेक्षा साक्षीदार जास्त असतात. कुणाची खोली भाड्याने घेतली, कुणाकडे जेवायला होते, कुणी कुणाला कुठे पाहिलं. जबानीच्या सुरुवातीला नाव, बापाचं नाव, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण लिहितात. तेव्हा आपल्या घरातलं कोणी आरोपी नव्हतं म्हणून कोर्टाचं दप्तर सोडू नका. साक्षीदार, पंच, जामीन राहिलेला शेजारी, ही सगळी आपलीच माणसं. मोठ्या राजकीय खटल्यांचं दप्तर मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत बघायला मिळतं.

---

शरणपूर_रोड

ख्रिस्ती कुटुंबांसाठी थोडक्यात: चर्चची दफन नोंदवही सरकारी नोंदीपेक्षा जुनी आणि नीटनेटकी असते. बाप्तिस्मा, लग्न, दफन तिन्ही एकमेकांना जोडून बघावं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आधीचं नाव सापडण्याची शक्यता असते. देवळाली छावणीतल्या लोकांसाठी छावणी मंडळाचं दप्तर वेगळं आहे.

---

वाट_आमची

मी वाचत होतो, लिहावं की नाही ठरत नव्हतं. आता लिहितो.

आमच्या समाजाचा इतिहास शोधायला गेलं तर जमिनीचे कागद नाहीत, कारण जमीन नव्हती. तीर्थोपाध्यायांची वही नाही, शाळेचा दाखला नाही. पोलिसांची हजेरी आहे. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. मुंबई इलाख्यात तो लागू झाला १९११ मध्ये. रोज हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना काढायचा. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा देशभर रद्द झाला, म्हणून आम्ही त्या दिवशी विमुक्त दिन पाळतो.

माझ्या आजोबांची उंची मला माहीत आहे, पाच फूट चार इंच. डाव्या भुवईवर व्रण. उजव्या हातावर गोंदलेला विंचू. आजोबांचा एकही फोटो नाही आमच्याकडे. हे सगळं एका रजिस्टरातलं आहे, आणि त्याच पानावर जे कलम लावलंय त्यात गुन्हा एवढाच की ते विचारल्याशिवाय बाजाराला गेले.

तुम्ही पानं शोधता तेव्हा कलम कोणतं हे जरूर बघा. पण ते कलम कुणावर आणि कशासाठी लावलं जात होतं, हेही बघा. 'शिक्षा झाली' म्हणजे 'गुन्हा केला' असं समजू नका. माझ्या वडिलांनी ते पान हातात घेतलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा भुवईच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनाही तिथेच व्रण आहे, बैलाच्या शिंगाचा. योगायोग असेल, पण ते बराच वेळ बोट तसंच ठेवून होते.

---

मोडीवाचक

वाट_आमची, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

---

सिन्नरची_लेक

स्वातंत्र्यसैनिकांच्या बाबतीत एक जागा लोक विसरतात. १९७२ पासून केंद्राची सन्मान पेन्शन सुरू झाली, त्यासाठी सहा महिन्यांच्या तुरुंगवासाचा पुरावा लागायचा, बायकांना तीन महिन्यांचा. तुरुंगाचं रजिस्टर मिळालं नाही तर सोबतच्या बंद्यांचे दाखले जोडायचे. म्हणजे एका माणसाच्या फाईलमध्ये दुसऱ्या दोघांची हकीकत असते. माझ्या आजोबांनी स्वतः पेन्शन घेतली नाही, पण सोबतच्या एकाच्या फाईलमध्ये त्यांनी दिलेला दाखला सापडला. त्यात बराकीत दोघं मिळून भाकरीसाठी कसे भांडले होते तेही लिहिलेलं आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा, आणि घरच्या ट्रंकाही बघा.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितेय, मधे बरंच झालं. लांबेल, पण जसं घडलं तसं सांगते.

वकीलकाकांनी सांगितलं तसे त्या तुकड्याचे सगळे फेरफार काढले. १९३४ नंतर तीन निघाले.

१९३६ चा: "सदर बाईने पाट लावल्याने नाव कमी करून भाऊ ... यांचे नाव दाखल." भाऊ म्हणजे माझे पणजोबा. त्यात मुलीचा उल्लेख नाही.

१९३९ चा: "दिवाणी कोर्टाचे हुकूमनाम्यावरून ... बिन ... यांचे नाव कमी करून कु. ... अ.पा.क. मामा ... यांचे नाव दाखल." इथे तिचं नाव आलं. पूर्ण, बापाच्या नावासकट. आणि दाव्याचा क्रमांक.

तुरुंगाकडे जायच्या वाटेवर मात्र अडले. एका कार्यालयातून उत्तर आलं, "नोंदवही जीर्ण असल्याने आढळ होत नाही." दुसऱ्या एका ठिकाणी फौजदारी प्रकरणाचे कागद मुदत संपल्याने नष्ट केल्याचं कळलं. मी तिथेच खिन्न होऊन बसले होते. वकीलकाकांना फोन केला तर म्हणाले, "दिवाणी दावा आहे ना हातात? मग फौजदारीची हकीकत तिथेच असणार."

दाव्याच्या नकलेसाठी अर्ज केला. पक्षकार नसल्यामुळे कारण लिहून द्यावं लागलं. मी लिहिलं, 'वादी ही अर्जदाराच्या आजोबांची चुलत बहीण'. हे नातं मी त्याआधी कधी उच्चारलंही नव्हतं. तीन खेपा झाल्या. अभिलेख कक्षातल्या एका तरुण मुलाने वरच्या मांडणीवरून गठ्ठा काढून दिला, धूळ झटकली आणि म्हणाला, "मावशी, हा अजून कुणी सोडलेलाच नाही." गाठ जुनीच होती.

दावा १९३७ चा. वादी सात वर्षांची मुलगी, तिच्यातर्फे मामा. प्रतिवादी नंबर एक माझे पणजोबा. दाव्याच्या अर्जातलं तिसरं कलम जसंच्या तसं: "वादीचे वडील हे प्रतिवादी नं. १ यांचे फिर्यादीवरून बांधाचे मारहाणीत शिक्षा होऊन नासिकरोड येथे शिक्षा भोगीत असता मयत झाले. त्यापूर्वी तीन वर्षे उभयता विभक्त होते."

फिर्यादी माझे पणजोबा होते. बांधावरून भावाभावांत मारामारी झाली, मोठ्याने फिर्याद दिली, धाकटा आत गेला आणि आतच वारला. मग त्याच्या बायकोच्या नावाला हरकत घ्यायला मोठा तलाठ्यापुढे हजर राहिला. घरात 'काशीला गेले' म्हणायचे ते तुरुंगाच्या लाजेने, असं मी इतके दिवस धरून चालले होते.

दावा निकालापर्यंत गेला नाही, तडजोड झाली. अज्ञान मुलीच्या वतीने तडजोड करायची तर ती तिच्या हिताची आहे की नाही हे कोर्टाने बघावं लागतं, म्हणून त्याचा वेगळा अर्ज गठ्ठ्यात होता. त्यात ती कुणाकडे राहते, काय खाते-लेते, मामाची जमीन किती, सगळं लिहिलंय. "मुलीस शाळेत घातले आहे" असंही आहे. विहिरीकडचा दोन एकरांचा तुकडा तिच्या नावे करायचा, असं ठरलं. खाली पणजोबांची सही, नामावळीतल्या सहीसारखीच, तोच वळणदार 'मु॥'. शेजारी मामाचा अंगठा.

पोरीचं वावर.

शेवटचा फेरफार १९५३ चा, खरेदीखताचा. माझ्या आजोबांनी तो तुकडा तिच्याकडून विकत घेतला. आता तिचं सासरचं नाव आहे, आणि सासरचं गाव. दिंडोरी तालुक्यातलं. म्हणजे आजोबा तिला भेटले होते. तिच्या घरी गेले असतील, किंवा ती निबंधकाच्या कचेरीत आली असेल. आजोबांनी आम्हाला हुरडा खायला तिथेच बसवलं, शेवटपर्यंत त्याला पोरीचं वावर म्हणाले, आणि पोर कोण ते सांगितलं नाही.

आईला सगळं वाचून दाखवलं. तिने मधेच थांबवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "दसऱ्याला दिंडोरीहून एक म्हातारी यायची. तुझे आजोबा तिला साडी द्यायचे. मला वाटायचं ओळखीतली कुणी असेल."

---

तुषार_सातपूर

गोदाकाठ ताई, मी आधी जे लिहिलं ते मागे घेतो. माझ्या आजीलाही काहीतरी विचारायचं राहिलंय, उद्याच गावी निघालोय.

---

वकीलकाका

उत्तम काम केलंत ताई. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडून जरूर घ्या. त्यात मोबदला किती दिला ते कळेल, साक्षीदार कोण होते तेही. आणि तिचे वारस हयात असतील, तेव्हा भेटायला जाताना कागदांची पिशवी पहिल्या दिवशी नेऊ नका. ज्यांच्या आजीला कोर्टात जावं लागलं, ते आपल्या पणजोबांकडे कसं बघतात हे आधी ऐकून घ्या.

---

गोदाकाठ

हो काका, ते पटलं. गावी जाण्याआधी एक करायचं ठरवलंय. आता सासरचं गाव माहीत आहे, तर रामकुंडावर त्या गावाची नामावळी कुठल्या गुरुजींकडे आहे ते विचारलं. ते बघू देतो म्हणाले. आत्याआजीचे दिवस नाशकातच झाले असतील तर मुलांनी तिचं नाव सांगितलं असेल. रविवारी जायचंय. मोडीवाचक दादा, १९५० च्या आधीची पानं मोडीत असतील. तुम्ही याल का सोबत? या वेळी माझ्या वाचनावर मला विसंबायचं नाही.

---

मोडीवाचक

येतो. सकाळी आठला, दुतोंड्या मारुतीपाशी. उन्हाच्या आधी वाचलेलं बरं असतं. भिंग माझ्याकडे आहे, तुम्ही १९५३ च्या फेरफाराची प्रत आणा, नावाचं वळण ताडून बघायला लागेल.